दरीवर उजाडताना

रमजानच्या दिवसांत साकोलीत पहाटे चारच्या सुमारास जी स्वयंपाकघरे जागी होतात, त्यांतल्या बऱ्याच घरांचा ओटा काळ्या कडप्प्याचा असतो. शेजारच्या घरी एकादशीची भगर शिजते, तो ओटाही बहुधा कडप्प्याचाच. हा दगड आपल्या इतक्या ओळखीचा झाला आहे, की त्याचे नाव एका जिल्ह्याचे आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आंध्र प्रदेशातला कडपा जिल्हा, तिथल्या खाणींतला हा दगड. त्याच जिल्ह्यात, जम्मलमडुगूजवळ, पेन्ना नदीने डोंगर कापून एक खोल दरी तयार केली आहे. तिचे नाव गंडिकोटा. तेलुगूत ‘गंडी’ म्हणजे घळ आणि ‘कोटा’ म्हणजे किल्ला.

सहरीसाठी घरोघर दिवे लागतात त्याच वेळी या दरीच्या कड्यावर काही माणसे ट्रायपॉड लावून बसलेली असतात. काहींनी रात्र तिथेच काढलेली असते. त्यांना दरीचे छायाचित्र हवे असते, पण ते भर उन्हातले नाही. चांदण्यांनी भरलेले आकाश, मग पूर्वेचा फिका उजेड, मग निळा प्रकाश आणि शेवटी कड्याच्या माथ्यावर पडलेले पहिले ऊन, असे सगळे टप्पे त्यांना टिपायचे असतात. रोजा ठेवणाऱ्या माणसाला सहरी कधी संपली हे ज्या उजेडावरून कळते, तोच उजेड या छायाचित्रकारांचाही वेळापत्रक ठरवतो. फरक इतकाच, की शहरात आपण तो उजेड छापील तक्त्यात आणि मोबाइलमध्ये पाहतो; दरीवर तो आकाशात पाहावा लागतो.

कोरड्या मुलखातली दरी

गंडिकोट्याला पर्यटक ‘भारताचे ग्रँड कॅन्यन’ म्हणतात. तुलना आकाराची असेल तर ती टिकत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. गंडिकोट्याची दरी सुमारे ३०० फूट खोल. पण दोन्ही ठिकाणी रचना सारखी आहे. थरांवर थर रचलेला जुना खडक, मध्ये नदीने पाडलेली उभी चीर, आणि भोवती कमी पावसाचा प्रदेश. गंडिकोटा ज्या रायलसीमेत येतो तो देशातल्या अवर्षणग्रस्त भागांपैकी एक. वाळवंट नव्हे, पण झाडी विरळ, माती कमी, दगड उघडा. हवा कोरडी असली की आकाशात धुके आणि बाष्प कमी राहते, तारे लखलखीत दिसतात आणि खडकाचा रंग झाकला जात नाही. कोरड्या दऱ्यांवर छायाचित्रकार रात्र काढतात याचे अर्धे कारण या हवेत आहे.

उरलेले अर्धे कारण किल्ल्यात आहे. दरीच्या काठावर तटबंदीच्या आत माधवरायाचे देऊळ आहे, रंगनाथाचे देऊळ आहे आणि दोन मिनारांची जामा मशीदही आहे. धान्याचे जुने कोठार शेजारीच. १७ व्या शतकाच्या मध्यात गोवळकोंड्याचा सेनापती मीर जुमला याने हा किल्ला घेतला. १६५२ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए त्याला भेटायला इथवर आला होता. आज तिन्ही वास्तू रिकाम्या आकाशाखाली उभ्या आहेत. अंधारात देवळाचे शिखर आणि मशिदीचा मिनार यांच्या आकृती तारकांपुढे सारख्याच काळ्या दिसतात. मग उजाडू लागते आणि एकेकाची ओळख पटत जाते.

चंद्राची तारीख आधी पाहा

रात्रीपासून सकाळपर्यंतचे काम करणारा छायाचित्रकार सगळ्यात आधी चंद्र कधी उगवतो आणि कधी मावळतो ते पाहतो. इथे हिजरी तारीख किंवा तिथी ज्याला माहीत आहे, त्याचे निम्मे गणित आधीच सुटलेले असते. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात. रमजानचा पाचवा रोजा म्हणजे शुक्ल पक्षातली पंचमी-षष्ठी, हे साकोलीत दोन्ही घरांना कळते.

पहिल्या अशऱ्यात, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत, चंद्र मध्यरात्रीच्या मागेपुढे मावळतो. सहरीच्या वेळचे आकाश पूर्ण काळे मिळते. आकाशगंगा टिपायची असेल तर हेच दिवस. दुसऱ्या अशऱ्यात चंद्र भरत जातो, पौर्णिमेच्या सुमारास तो पहाटेपर्यंत पश्चिमेला असतो आणि दरीच्या भिंती त्याच्या प्रकाशात उजळतात. तारे कमी दिसतात, पण खडकाचा एक एक थर मोजता येतो. शेवटच्या अशऱ्यात चंद्र रोज उशिरा उगवतो. २६-२७ व्या रोज्याच्या सुमारास उजाडण्याआधी पूर्वेला बारीक कोर दिसते, तीही उलटी. ईदची कोर पश्चिमेला संध्याकाळी दिसते, ही पूर्वेला पहाटे.

फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे आकाशगंगेचा सर्वात दाट भाग आग्नेयेला वर येतो. वृश्चिक राशीचा आकडा आणि त्यातली ज्येष्ठा नक्षत्राची लालसर तारका दिसली, की त्याच्या डाव्या हाताला, खालच्या बाजूला पाहायचे. आकाश खरोखर काळे असेल तर तिथे ढगासारखा पांढुरका पट्टा दिसतो. तो ढग नसतो.

वीस सेकंदांची नजर

अंधारात डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती सगळी सवय मोडते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून असे छायाचित्रकार लाल उजेडाची बॅटरी वापरतात. लाल प्रकाशाने रात्रीची नजर कमी बिघडते.

कॅमेऱ्याची अडचण वेगळी. त्याला थोडा प्रकाश मिळतो, म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. पण पृथ्वी फिरते आहे. तासाला १५ अंश. झडप फार वेळ उघडी राहिली तर तारा ठिपका न राहता रेघ होतो. यासाठी छायाचित्रकारांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो. ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या अंतराने भागायचे, तितके सेकंद ठीक. २० मिलिमीटरचे भिंग असेल तर २५ सेकंद. आजच्या बारीक सेन्सरांवर त्याहून थोडे कमीच ठेवतात, १५ ते २० सेकंद. अ‍ॅपर्चर मोठे, एफ २.८ च्या आसपास. आयएसओ ३२०० किंवा त्याहून अधिक. फोकस आपोआप लागत नाही. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत हाताने कडी फिरवायची आणि मग तिला हात लावायचा नाही.

ट्रायपॉडची जागा दिवसाच ठरवून ठेवतात. गंडिकोट्याच्या कड्यावर मोठमोठे सुटे धोंडे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. अंधारात जागा शोधत फिरणे म्हणजे जिवाशी खेळ. जाणकार आदल्या संध्याकाळी येतो, चौकट पाहतो, पाय कुठे ठेवायचा ते पाहतो आणि परतीची वाट दगडांच्या खुणांनी लक्षात ठेवतो. रात्री तो त्या एका जागेवरून हलत नाही. वारा सुटला तर ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला पिशवी अडकवतो.

खोटी पहाट

उजाडण्याच्या थोडे आधी, अगदी काळ्या आकाशात, पूर्वेला एक फिका उजेड उभा राहतो. खाली रुंद, वर निमुळता, तिरक्या सुळक्यासारखा. नवख्या माणसाला वाटते, दिवस उगवायला आला. पण तो उजेड पसरत नाही. क्षितिजावर आडवा होत नाही. थोड्या वेळाने खऱ्या उजेडात तो विरून जातो.

मुस्लिम परंपरेत याला सुबह-ए-काजिब म्हणतात, खोटी पहाट. तिच्या उभ्या, निमुळत्या आकारामुळे अरबीत तिला लांडग्याच्या शेपटीची उपमा आहे. तिच्यावरून सहरी थांबवायची नसते. सहरी थांबते ती सुबह-ए-सादिकला, खऱ्या पहाटेला, जी क्षितिजाशी आडवी उमटते आणि वाढतच जाते. कुरआनात या वेळेसाठी काळ्या आणि पांढऱ्या धाग्याची उपमा आलेली आहे. उभा उजेड खोटा, आडवा उजेड खरा, ही खूण अरबस्तानातल्या उंट हाकणाऱ्याला घड्याळाशिवाय कळत होती.

विज्ञानाने या उजेडाचे कारण नंतर शोधले. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात त्या पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे. सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचे किरण या धुळीवरून परततात आणि तो सुळका दिसतो. १६८३ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत जोव्हानी कासीनी याने त्याचा अभ्यास सुरू केला. त्याला राशिचक्र प्रकाश असे म्हणतात, कारण तो बारा राशींच्या मार्गावरच दिसतो. पृथ्वीवरच्या हवेशी त्याचा संबंध नाही. म्हणजे खोटी पहाट आपल्या वातावरणाच्या पलीकडची असते आणि खरी पहाट आपल्या हवेत उजळते.

उत्तर अमेरिकेपेक्षा आपल्याकडे, विषुववृत्ताला जवळ असल्याने, हा सुळका अधिक उभा आणि सहज दिसतो. भाद्रपद-आश्विनाच्या पहाटे तो सर्वात चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे तो दक्षिणेकडे कललेला असतो. पण त्याच दिवसांत संध्याकाळी, इफ्तारनंतर तासा-दीड तासाने, पश्चिमेला तसाच सुळका उभा दिसतो. अट एकच. आकाश काळे हवे आणि त्या दिशेला गावाचे दिवे नकोत.

अठरा अंशांचा हिशेब

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आकाशात पहिला उजेड शिरतो. खगोलशास्त्रात ही पहाटेची सुरुवात. भारतातल्या अनेक सहरीच्या तक्त्यांतही हाच कोन धरलेला असतो. १२ अंशांवर क्षितिजाची रेघ स्पष्ट होते. पूर्वी खलाशी या वेळी तारा आणि क्षितिज दोन्ही पाहून जहाजाची जागा काढत. ६ अंशांवर दिव्याशिवाय काम करण्याइतके दिसू लागते. मग सूर्योदय.

आपल्या मराठीने हेच टप्पे कधीचे बांधून ठेवले आहेत. पहाट झाली, झुंजुमुंजू झाले, तांबडे फुटले, दिवस वर आला. शेतावर जाणाऱ्याला, दूध काढणाऱ्याला, पाण्याची पाळी असलेल्याला प्रत्येक शब्दाची वेळ ठाऊक होती.

हा कोन ठरवण्यामागे मोठी परंपरा आहे. नमाजाची वेळ सूर्यावर असल्याने मुस्लिम जगातल्या खगोलशास्त्रज्ञांनी पहाटेच्या उजेडाचा बारकाईने अभ्यास केला. भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बीरूनीने ११ व्या शतकात हा कोन सुमारे १८ अंश मांडला. त्याच शतकात स्पेनमधल्या जाएनच्या इब्न मुआजने पहाटेच्या पहिल्या उजेडावरून हवेचा थर किती उंच असेल याचे गणित केले. त्याचा तो ग्रंथ युरोपात लॅटिनमध्ये गेला आणि तिथे शेकडो वर्षे दुसऱ्याच्या नावावर वाचला गेला. ते दुसरे नाव होते बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमचे. त्याने अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले की बाहेरचे दृश्य आत उलटे कसे उमटते, हे नीट मांडले. ग्रहणातल्या सूर्याचा आकार त्याने अशा छिद्रातून अभ्यासला. आजचा कॅमेरा त्या अंधाऱ्या खोलीचाच वंशज आहे. त्याच्या प्रकाशावरच्या ग्रंथाला हजार वर्षे झाली म्हणून २०१५ या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात जगभर त्याची आठवण काढली गेली.

अठरा अंश सगळीकडे सारखे, पण त्यांना लागणारा वेळ सारखा नसतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस-रात्र समान असताना, साकोलीत पहिल्या उजेडापासून सूर्योदयापर्यंत सुमारे सव्वा तास लागतो. गंडिकोट्यात त्याहून दोन-तीन मिनिटे कमी. ग्रँड कॅन्यनवर तेवढ्यासाठी जवळपास दीड तास मिळतो, कारण तिथे सूर्य तिरका वर येतो. आपल्याकडे तो सरळ चढतो. म्हणून आपल्या दऱ्यांवर काम करणाऱ्याच्या हाती वेळ थोडा. चुकीच्या खटाटोपात दहा मिनिटे गेली तर एक पूर्ण टप्पा निसटतो.

घड्याळाचा फरकही आहे. साकोली मुंबईच्या पूर्वेला सुमारे सात अंशांवर आहे, म्हणून सूर्य इथे मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उगवतो. मुंबईचा तक्ता साकोलीत चालत नाही तो याचमुळे. गंडिकोट्यात दिवस साकोलीच्या सात-आठ मिनिटे मागे असतो.

उजेड चढताना

पहिला आडवा उजेड दिसला की छायाचित्रकाराची घाई सुरू होते. रोजेदार असेल तर खजूर-पाणी त्याआधीच झालेले असते. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे करण्याची मुभा आहे, पण अनेक जण ठेवतात. अशा माणसाने ऊन चढायच्या आत उतरण्याचा बेत आधीच ठरवलेला बरा. रायलसीमेत मार्चचे ऊन दहानंतर सोसत नाही.

आकाशात उजेड येतो तसे तारे एकेक करून जातात. झडपेचा वेळ कमी होत जातो. २० सेकंद, १०, ४, मग एक. या मधल्या काळात सगळे निळे होते. त्याचे कारण फक्त रात्रीची उरलेली छाया नाही. सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचे किरण उंच हवेतल्या ओझोनच्या थरातून लांबवर जातात, आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग खातो. उरलेला निळा दरीत उतरतो. थरांच्या रेघा, नदीचे पाणी, मशिदीची भिंत सगळे एकाच निळ्यात बसते. दरीचा तपशील टिपायला ही वेळ सर्वात चांगली, कारण कुठेच गडद सावली नसते.

या वेळी पूर्वेकडे पाठ करून पश्चिमेला पाहावे. क्षितिजावर एक राखाडी-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा. तो राखाडी पट्टा पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य वर येतो तशी ती खाली जात जाते आणि उगवण्याच्या क्षणी क्षितिजाखाली नाहीशी होते.

मग ऊन. ते आधी कड्याच्या माथ्यावर पडते. खाली नदी अजून रात्रीत असते. माथा तांबूस पेटलेला आणि तळ काळा. इथे कॅमेऱ्याची परीक्षा होते. रात्री तारे टिपताना २० सेकंद, एफ २.८ आणि आयएसओ ३२०० वर असलेला कॅमेरा पूर्ण ऊन पडल्यावर एफ १६, सेकंदाचा शंभरावा भाग आणि आयएसओ १०० वर येतो. हिशेब केला तर प्रकाश सुमारे २० लाख पट वाढलेला असतो, आणि तेही दोन तासांच्या आत. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण तो हळूहळू सरावतो. एका चौकटीत माथ्याचे ऊन आणि तळाची सावली दोन्ही धरणे चांगल्या सेन्सरलाही जड जाते. म्हणून त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, एक चित्र उन्हासाठी आणि एक सावलीसाठी घेतात आणि नंतर जोडतात. काही जण भिंगापुढे वरून गडद होत जाणारी काच लावतात.

थोड्या मिनिटांनी आणखी एक गोष्ट घडते. उन्हात आलेली तांबडी भिंत समोरच्या सावलीतल्या भिंतीवर प्रकाश परतवते. सावली काळी न राहता आतून तापल्यासारखी नारिंगी होते. जाणते छायाचित्रकार सूर्योदयानंतर लगेच सामान आवरत नाहीत, ते याच उजेडाची वाट पाहत बसतात.

जोडलेल्या चित्राबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. एकाच जागेवरची, एकाच रात्रीची चित्रे जोडणे वेगळे आणि लडाखचे आकाश उचलून कडप्याच्या दरीवर चिकटवणे वेगळे. समाजमाध्यमांवर दुसरा प्रकार बराच फिरतो. आकाश ओळखणाऱ्याला तो लगेच कळतो, कारण तारे चुकीच्या दिशेला असतात. जे जोडले ते चित्राखाली लिहावे, एवढी साधी शिस्त पुरेशी आहे.

काचेवरचे दिवस

दीडशे वर्षांपूर्वी दरीची छायाचित्रे घेणाऱ्यांना रात्र मिळतच नव्हती. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ते ओले असतानाच चित्र घेऊन, तिथेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावे लागे. काच सुकली की चित्र गेले. १८७१ मध्ये टिमथी ओसुलिव्हन सरकारी पाहणी पथकाबरोबर कोलोराडो नदीतून वर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर काचा आणि रसायनांचे ओझे होते. त्याच सुमारास जॉन हिलर्स नावाचा माणूस दुसऱ्या पथकात होडी वल्हवायला म्हणून लागला. होडीवर असतानाच तो छायाचित्रण शिकला आणि पुढे त्या पथकाचा मुख्य छायाचित्रकार झाला. वाळवंटात पाणी कमी, आणि काच धुवायला पाणी हवे. त्यांनी जे केले ते दिवसाच्या उजेडात केले. रात्रीचे आकाश त्यांच्या डोक्यावर आजच्यापेक्षा कितीतरी काळे होते, पण त्यांच्या काचेला ते टिपण्याची ताकद नव्हती.

आज उलटे झाले आहे. ती ताकद खिशातल्या मोबाइलमध्येही येऊ लागली, आणि काळे आकाश मागे सरकते आहे.

अंधार कुठे शिल्लक आहे

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातले ८० टक्क्यांहून अधिक लोक कृत्रिम दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली राहतात, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हजारो सामान्य माणसांनी तारे मोजून पाठवलेल्या नोंदींवरून असे निघाले, की आकाशाचा उजेड वर्षाला सुमारे १० टक्के वाढतो आहे. या वेगाने, ज्या गावात मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईतो १०० उरतील.

ग्रँड कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानाने हे ओळखून आपल्याच हद्दीतले दिवे बदलले आणि २०१९ मध्ये, उद्यानाच्या शंभराव्या वर्षी, त्याला काळ्या आकाशाचे उद्यान म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. आपल्याकडे लडाखमधल्या हान्लेच्या थंड वाळवंटात, जिथे भारताची वेधशाळा आहे, २०२२ मध्ये काळ्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. आणि जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली ती साकोलीपासून फार लांब नसलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे खाली जमिनीकडे उजेड टाकतील असे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड राहिला, आकाशात जाणारा थांबला.

यात कोणते मोठे यंत्र नाही. दिव्याला वरून टोपण, पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश, आणि जिथे रात्री कुणी नाही तिथे दिवा बंद. मशिदीची रमजानातली रोषणाई असो, गणेशोत्सवाची असो की लग्नाच्या मंडपाची, ती मध्यरात्रीनंतर कोण पाहते? तेवढ्या चार तासांसाठी ती विझली तर सणाची शोभा कमी होत नाही आणि पहाटेला उठणाऱ्याला आकाश मिळते.

साकोलीच्या बोडीवरून

गंडिकोट्याला जायला साकोलीहून नागपूर, हैदराबाद, कुर्नूल असा लांबचा रस्ता आहे. प्रत्येकाला तो जमणार नाही. पण उजाडण्याचे टप्पे पाहायला दरी लागत नाही. भंडारा जिल्हा तलावांचा. गावाबाहेर, महामार्गाच्या दिव्यांकडे पाठ करून, पूर्वेला मोकळे क्षितिज असलेली एखादी बोडी किंवा मामा तलावाची पाळ पुरते. दरीत जसे निळे आकाश खडकावर उतरते तसे इथे ते पाण्यात उतरते. नागझिरा आणि नवेगावच्या जंगलाच्या बाजूला आकाश अजून बरेच काळे आहे. रात्री अभयारण्यात जायची परवानगी नसते आणि जंगलालगत एकट्याने बसणेही धोक्याचे, तेव्हा गावालगतची ओळखीची पाळच बरी, आणि सोबत दोघे-तिघे हवेत.

महागडा कॅमेरा नसला तरी चालतो. मोबाइलमध्ये रात्रीचा मोड असतो. मोबाइल विटेला किंवा दगडाला टेकवून स्थिर ठेवावा, तीन सेकंदांचा टायमर लावावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही, आणि पडद्याचा उजेड अगदी कमी करावा. आग्नेयेकडे तोंड करून आधी आकाशगंगा, मग पूर्वेचा आडवा उजेड, मग पाण्यातले निळे, मग पश्चिमेची गुलाबी पट्टी आणि शेवटी समोरच्या झाडांच्या शेंड्यांवरचे ऊन. पाच चित्रे, एकाच जागेवरून. मधल्या वेळात मोबाइल खिशात ठेवून नुसते पाहिले तर अधिक दिसेल.

मोहल्ल्यातली मुले सहरीला उठतात, कारण घरात सगळे उठतात. वॉर्डातली दुसरी मुले परीक्षेच्या अभ्यासाला त्याच वेळी उठतात. पहिल्या अशऱ्यातल्या एखाद्या पहाटे दोन्हीकडच्या मुलांना घरच्या मोठ्या माणसांनी पाळीवर न्यावे. सहरीची वेळ तक्त्यात पाहावी, रोजेदारांनी दहा मिनिटे आधी पाणी प्यावे, आणि मग सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून उजेड उभा आहे की आडवा, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे.